शनिवारी कोंबडी कोणी चालवायची

अंतराळाच्या खेळातल्या आमच्या गोदीवर 'कावळे' नावाचा शत्रुगट शनिवारी संध्याकाळी चाल करून येणार, हे आता नक्की झाले आहे. त्यांनी खेळात तशी रीतसर घोषणा लावली आणि आमच्या गटातल्या दंतवैद्यांनी ती दोन रुग्णांच्या मधल्या वेळात स्वतः वाचून मला फोन केला. माझ्या हृदयाची झडप शुक्रवारीच बदलणार, पुढे ढकलणार नाहीत, हेही नक्की आहे. ते डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी सांगितले. म्हणजे लढाईच्या वेळी मी नळ्यांच्या गुंत्यात पडलेली असणार. "काळजीचं कारण नाही," त्या म्हणाल्या, "पण घरची कागदपत्रं आवरून ठेवलेली बरी." म्हणून हे आवरणे.

तर मी, आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलेली, आता गुडघ्यांमुळे घरी बसलेली, आणि खेळात 'शेवटची गाडी' या गटाची प्रमुख 'मास्तरीणबाई' म्हणून ओळखली जाणारी बाई, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा डोळ्यांवर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आमचे यजमान दारात उभे राहून "चहा निवतोय" म्हणत आहेत, तो दबाव धरू नये. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मजकूर माझा आहे, कायदा वकीलबाईंचा. त्या माझ्याच हाताखाली गाडी शिकल्या, त्यामुळे मी बोलत असताना सहसा मध्ये बोलत नाहीत. एकदाच बोलल्या, ते पुढे येईल.

कलम पहिले. दुसऱ्या मजल्यावरचे हे राहते घर आम्हा दोघांच्या नावे आहे. माझा वाटा यजमानांना, आणि त्यांच्यामागे थोरला व धाकटा या आमच्या दोन मुलांना सारखा. सारखा म्हणजे सारखा. मध्ये भिंत घालून नव्हे. स्वयंपाकघराची खिडकी कोणाकडे आणि न्हाणीघर कोणाकडे, असली मापे काढायला कोणी टेप घेऊन आले तर वकीलबाईंनी त्याला जिन्यातूनच परत पाठवावे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून आधी हॉस्पिटल भागवावे, उरेल ते यजमानांचे. दागिने दोन्ही सुनांनी समोरासमोर बसून वाटून घ्यावेत. त्या दोघींचे छान जमते. आमच्या घरात भांडायचे काम पुरुषांनी अंगावर घेतले आहे.

कलम तिसरे. शिकवणीची जुनी मोटार, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आहे, ती पाववालीला. कोपऱ्यावरच्या बेकरीत पहाटेपासून राबून ती दुपारी माझ्याकडे शिकायला यायची. आता बेकरी सांभाळून स्वतः शिकवते, आणि संध्याकाळी आमच्या गटात लढते. तिला एकच सांगणे: दुसरा ब्रेक आहे म्हणून तो दाबायचा नसतो. गाडी आपणच थांबवली असे शिकणाऱ्याला वाटले पाहिजे. डाव्या दारावरचा ओरखडा मात्र तिने रंगवून टाकू नये. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी स्वतः गाडी मागे घेताना तो पाडला, आणि त्याच दुपारी माझ्या विद्यार्थिनीला 'गाडी मागे घेता येत नाही' म्हणून नापास केले. पुरावा राहू द्या.

कलम चौथे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात भेटले की "काय, या वयात व्हिडिओ गेम?" असे विचारतात. लढाईत माझा आवाज चढतो तो त्यांना वर ऐकू जातो, अशीही तक्रार आहे. त्यांना माझे कानात घालायचे बोळे द्यावेत. नवे आहेत, वापरलेले नाहीत. या वयात ते दिवसभर खिडकीत बसून कोणाच्या घरी कोण आले ते का बघतात, हे मी त्यांना कधी विचारले नाही, याची नोंद व्हावी.

कलम पाचवे. आता मुख्य गोष्ट. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले तरी चालेल, हे मी स्वतः लिहिते.

हा खेळ इंटरनेटवरून अनेक घरांतली माणसे एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाचे एक जहाज, कानाला हेडफोन, आणि सगळ्यांचे मिळून एक अफाट अंतराळ. गुडघे गेले तेव्हा धाकट्याने तो मला लावून दिला. "आई, इथे जिने नाहीत," म्हणाला. मग थोरला आला, दंतवैद्य आले, पाववाली आली आणि गट झाला. आम्ही मिळून एक गोदी बांधली, जिथे सगळ्यांची जहाजे उभी राहतात. लहान जहाजे बरीच आहेत. वाहक जहाज एकच. वाहक स्वतः फारसे लढत नाही. ते पोटातली छोटी विमाने सोडते, ती लढतात आणि परत येऊन पोटात शिरतात. यजमानांनी हे माझ्या खांद्यावरून पाहिले आणि म्हणाले, "ही तर कोंबडी आणि तिची पिल्लं." तेव्हापासून आमच्यात वाहकाला कोंबडी म्हणतात. कावळ्यांना हे कळल्यावर त्यांनी फार चेष्टा केली. करोत.

पहिली कोंबडी घेताना गटात रण माजले होते. एक असते लांब उडीची, एक भरगच्च पिल्लांची आणि एक जाड कातडीची. धाकट्याचा जीव भरगच्च पिल्लांच्या कोंबडीवर.

"आई, बघ तरी. दिसायला काय आहे!"

"दिसायला आहे. कवच?"

"कवच कशाला? आपण त्यांना जवळच येऊ द्यायचं नाही."

"माझ्याकडे पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणायचे. समोरून कोणी येणारच नाही."

पण मते घेतली तेव्हा तो जिंकला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ती कोंबडी कशी गेली ते पुढच्या कलमात आहे. त्यानंतर घेतलेली, सध्याची, माझ्या पसंतीची आहे: मंद, बोजड, जाड कातडीची, आणि जखमी जहाजांची डागडुजी करणारी पिल्ले बाळगणारी. शिकाऊ माणसांची गाडी अशीच हवी. धडकली तरी घरी येते.

कलम सहावे. कोंबडी लांबच्या ठिकाणी आपणहून जाऊ शकत नाही. आधी कोणीतरी लहान जहाज घेऊन तिथे जातो आणि दिवा लावतो. त्या दिव्यावर कोंबडी उडी घेते. ज्याने दिवा लावला त्याला तो विझेपर्यंत जागचे हलता येत नाही. येईल तो मार खात उभे राहायचे आणि कोंबडी येईल म्हणून वाट पाहायची.

दिवा लावण्याआधी 'लावतो' असे सांगायचे, हा आमचा नियम. पण आमच्या हेडफोनवर एका वेळी एकाचाच आवाज जातो. गेल्या वर्षीच्या मोठ्या लढाईत थोरल्याने आणि धाकट्याने बोलायचे बटण एकदम दाबले. दोघेही 'लावतो' म्हणाले आणि कोणाचेच कोणाला ऐकू गेले नाही. माझ्या पडद्यावर दोन दिवे. मी त्यातल्या त्यात कमी अंतरावरच्या दिव्यावर उडी घेतली. तो धाकट्याचा निघाला. तिथे कावळे टपून बसले होते; पातळ कवचाची ती नटवी कोंबडी बघता बघता जळाली. तिकडे थोरला आपला दिवा लावून एकटा उभा होता. त्याचेही जहाज गेले.

सगळे शांत झाल्यावर तो म्हणाला, "आई, मी लावला होता."

"मला जो अलीकडे दिसला तिकडे आले रे."

"हो. तिकडेच जाणार तू."

धाकटा मध्ये पडला. "दादा, मीही लावलाच होता ना?"

"तुला लावायला कोणी सांगितलं होतं?"

मग गोष्ट जहाजावरून सायकलवर गेली, कोणाला नवी मिळाली आणि कोणाला जुनी. सायकलवरून कॉलेजवर, कॉलेजवरून लग्नातल्या फोटोंवर. दंतवैद्य आणि पाववाली हेडफोन कानाला लावून बिचारे ऐकत बसले.

हा कागद म्हणजे कबुलीजबाब नव्हे. उद्या पुन्हा दोन दिवे दिसले तर मी पुन्हा अलीकडच्याच दिव्यावर जाईन. लांब उडीला इंधन लागते आणि तेवढे नव्हते. पण थोरल्याला इंधनाचा हिशेब सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून तो या घरी आलेला नाही आणि भावाशी बोललेला नाही. खेळायला मात्र येतो, कारण गटाला शब्द दिला आहे. थोरली सून मला गुपचूप बातमी पुरवते: "आई, हेडफोन लावून बसलेत, पण बोलायच्या बटणाला हात लावत नाहीत."

एकच शब्द तो बोलतो, तो म्हणजे 'आत'. यजमान बसडेपोत गाड्या सोडण्याच्या कामावर होते. शेवटची गाडी आत आल्याशिवाय फाटक लावायचे नाही, हा त्यांच्या डेपोचा शिरस्ता. आमच्या गटाला नाव आणि नियम दोन्ही तिथूनच मिळाले. लढाई संपली की प्रत्येकाने 'आत' म्हणायचे, आणि सगळ्यांचे ऐकल्याशिवाय कोंबडीने जागा सोडायची नाही. थोरल्याचा 'आत' मी दर वेळी ऐकते. तेवढ्यावर चालले आहे.

कलम सातवे. कोंबडी एका वेळी एकाच्याच ताब्यात राहते. शनिवारी ती रिकामी उभी राहिली तर गोदी जाईल, गोदी गेली तर गट मोडेल, आणि माझ्या दोन मुलांना एकमेकांचा आवाज ऐकायला जी एकच जागा उरली आहे ती जाईल. कोंबडी काय, दुसरी घेता येते. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे छातीवर टाके पडायच्या वेळी म्हातारीला जहाजांची काय पडली होती, असे कोणी म्हणू नये.

उमेदवार असे. थोरल्याचा नेम उत्तम, पण कोंबडीत बसून हुकूम सोडणे हे त्याच्या मते उंटावरून शेळ्या हाकणे; तो शेळ्यांच्या मागे धावेल. धाकटा सगळी पिल्ले एकदम सोडून टाळ्या वाजवत बसेल. शिवाय दोघांपैकी कोणालाही दिली तरी दुसरा म्हणणार, झालाच ना पुन्हा एकच दिवा. दंतवैद्यांना कोंबडीची आणि माझ्या खुर्चीची फार दिवसांची आस आहे, पण त्यांचे डागडुजीचे जहाज दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि प्रत्येक हल्ल्याआधी "थोडंसं दुखेल हं" म्हणायची त्यांची सवय जात नाही.

सबब, कोंबडी, तिची पिल्ले, तिचे इंधन, आणि गटप्रमुखाची खरी, संगणकापुढची चाकांची खुर्ची उशीसकट, हे सर्व मी आमच्या यजमानांना देत आहे.

"मला?" ते म्हणाले. "अगं, मला त्या माऊसचं उजवं बटण कुठलं तेसुद्धा—"

"उजवीकडचं."

"चेष्टा सुचतेय तुला."

"अहो, वर्षानुवर्षं माझ्या मागे उभे राहून 'तो लाल ठिपका कोणाचा' विचारता. आता पुढे बसून विचारा."

इथे वकीलबाई बोलल्या. "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. शनिवारी तुम्ही असणार आहात."

"लेखी देतेस?"

त्यांनी डोळे मिटले. "बरं. या कलमापुरतं बक्षीसपत्र समजू. आजपासून लागू."

तसे समजावे. मी बरी होऊन आल्यावर यजमानांनी खुर्ची सोडली नाही, तर तो नवरा-बायकोतला प्रश्न आहे. कोर्टाने त्यात पडू नये.

त्यांनाच का, याचे कारण देते. पडद्यावर कुठला दिवा कोणाचा हे त्यांना ओळखता येत नाही, आणि ओळखावे असे वाटतही नाही. डेपोत त्यांनी गाडी कधी चालकाचे तोंड बघून सोडली नाही. त्यांचा सख्खा मेव्हणा तिथे चालक होता. त्यालाही रांगेतच उभे केले. तो राग मेव्हण्याने, म्हणजे माझ्या भावाने, अजून धरला आहे. त्याला माझ्यातर्फे माझी छत्री द्यावी आणि म्हणावे, आता पुरे.

कलम आठवे, यजमानांना सूचना. पिल्ले सगळी एकदम सोडू नयेत, निम्मी पोटात ठेवावीत. गटाने मिळून एका वेळी एकच कावळा धरावा, आणि कुठला ते एकानेच सांगावे. दहा जणांनी दहा कावळ्यांना ओरखडे काढून कोणी मरत नाही. दंतवैद्यांना पुढे ढकलू नये. कावळे पळू लागले की मागे धावू नये. ते पळतात ते त्यासाठीच. 'बघतो' हा शब्द लढाईत बंद. 'बघतो' म्हणणाऱ्याने आजवर काही पाहिलेले नाही. पाववालीला लवकर उठायचे असते, तिला आधी सोडावे. आणि हेडफोनवर बोलताना ओरडू नये, माइक तोंडाशीच असतो. हे शेवटचे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

कलम नववे. इथवरचे मी काल, बुधवारी दुपारी लिहिले आणि संध्याकाळी सराव झाला. त्यात एक नियम नवा तयार झाला, तो इथे नोंदवते.

यजमानांनी हेडफोन उलटा घातला, मी सुलटा केला. मग ते डेपोच्या भोंग्यावरून बोलावे तसे म्हणाले, "दिवा कोण लावणार?"

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"कोणी नाही? मग गाडी रद्द."

"बाबा, असं रद्द नाही करता येत," धाकटा म्हणाला.

"मग तू लाव."

"मी नाही. पुन्हा मी लावायचा आणि पुन्हा—"

"मी लावतो," थोरला म्हणाला.

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी दचकायला मनाई केली आहे, म्हणून दचकले नाही.

"ठीक," यजमान म्हणाले. "धाकट्या, तू त्याच्या शेजारी जाऊन थांब."

"मी कशाला? दिव्याला एकच लागतो."

"डेपोची गाडी रस्त्यात बंद पडली, तर चालकाला एकटा टाकून कंडक्टर घरी जात नसे. थांब म्हटलं ना!"

हे मला कधी सुचले नव्हते. दिव्याला दुसरे जहाज पाठवणे म्हणजे ते वाया घालवणे, असेच आम्ही धरून चाललो होतो. सगळे गट तसेच धरतात. पडद्यावर एक ठिपका हळूच दुसऱ्याजवळ गेला आणि चिकटला.

"जरा सरक," थोरला म्हणाला.

"कुठे सरकू? अख्खं अंतराळ मोकळं पडलंय. तूच सरक."

"मला हलता येत नाही. दिवा लावलाय."

मग धाकटा म्हणाला, "बरं दादा. सरकतो."

"थोडंसं दुखेल हं," दंतवैद्य मध्येच म्हणाले. कोणाला, ते कळले नाही. यजमानांनी कोंबडी उडवली ती नेमकी दिव्यावर, म्हणजे दोन्ही मुलांच्या डोक्यावर आणून आदळली. दोघांनी बोलायचे बटण एकदम दाबले. आवाज कोणाचाच आला नाही, पण पडद्यावर दोघांची नावे एकदम उजळली, आणि दोघेही 'बाबा!' म्हणून ओरडले असणार, ते मला न ऐकता कळले. त्यांच्या बापालाही कळले. तो हसत होता.

तेव्हा इथून पुढे 'शेवटची गाडी' गटात दिव्याला दोघे जातील. एक लावेल, दुसरा थांबेल. यात बदल करण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

कलम दहावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. दंतवैद्यांना खुर्ची मिळाली नाही, त्यामुळे ते साक्षीला पात्र ठरले. ते थोडे घुश्शात आहेत. दुसरे साक्षीदार खालच्या दुकानातले घड्याळजी. त्यांना आमच्याकडून आजवर बंद घड्याळांशिवाय काही मिळालेले नाही.

कलम अकरावे, पुढचा अंदाज. शुक्रवारी सकाळी मला आत नेतील. यजमानांनी हॉस्पिटलात येरझाऱ्या घालू नयेत. शनिवारी संध्याकाळी त्यांनी घरी, खुर्चीत असावे. माझ्याजवळ थांबायला मी दोन्ही मुलांची नावे दिली आहेत. एकाचे दिले असते तरी चालले असते, असे परिचारिका म्हणाली. मी तिला दोन्ही लिहायला लावली. थोरल्याने सुनेकरवी कळवले आहे की तो लॅपटॉप घेऊन येईल आणि तिथूनच लढेल. धाकट्याने हॉस्पिटलात इंटरनेट कसे आहे ते विचारले आहे, म्हणजे त्याचाही तोच बेत. नातेवाइकांच्या खोलीत टेबल एकच आहे. कावळे संध्याकाळी येतील. तोवर मी शुद्धीवर असेन की नाही, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, आणि असले तरी मला कोणी हेडफोन देणार नाही.

थोरला डावखुरा आहे. त्याला टेबलाच्या डाव्या बाजूला बसवावे, म्हणजे कोपराला कोपर लागणार नाही.

वरचे वाक्य मी खोडत आहे. बसतील तसे बसू देत.

वाचून, समजून, माझ्याच हाताने सही केली.

(सही) मास्तरीणबाई

ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, गुरुवार, दुपार

आमच्यासमोर सही झाली:

१. (सही) दंतवैद्य. शनिवारी वेळेवर हजर राहीन.

२. (सही) घड्याळजी. सही करताना पाहिले. फ्लॅटमध्ये कोंबडी पाळायला सोसायटीची परवानगी आहे की नाही, ते मला माहीत नाही.